धुराडे आधी की विचार आधी?

प्रश्न : आम्ही भोपाळमध्ये हबीबगंज भागात राहतो. नात दहावीत आहे. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात औद्योगिकीकरण हा एक धडा, राष्ट्रवाद-समाजवाद वगैरे विचारसरणी हा दुसरा आणि छपाई, साहित्य, सुधारणा हा तिसरा. तिने विचारले, "आजोबा, यांचा एकमेकांशी संबंध काय? आधी यंत्रे आली म्हणून विचार बदलले, की विचार बदलले म्हणून यंत्रे आली? आणि युरोपात, मुंबईत हे सगळे चालले होते तेव्हा आपल्या भोपाळमध्ये काय चालले होते?" पहिल्या दोन प्रश्नांना मी कसेबसे उत्तर दिले, तिसऱ्याला गप्प बसलो. जरा उलगडून सांगाल का?
— एक वाचक, हबीबगंज, भोपाळ

उत्तर : नातीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. धडे वेगळे केले आहेत ते शिकवणाऱ्याच्या सोयीसाठी. एकोणिसाव्या शतकातल्या माणसाला ही वाटणी ठाऊक नव्हती. मुंबईच्या गिरणीत सूत कातणारा माणूस आगगाडीने गावाहून आलेला असायचा, सुटीत सत्यशोधकांची सभा ऐकायचा आणि स्वतःला वाचता येत नसले तर दुसऱ्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचा. एकाच माणसाच्या आयुष्यात तिन्ही धडे एकदम चालू होते.

तेव्हा आधी कोण, नंतर कोण हे पाहताना एक काळजी घ्यावी लागते. "यंत्र आले, त्याने समाज बदलला, समाजाने विचार बदलले" अशी सरळ ओळ लावली की उत्तर पाठ करायला सोपे जाते, पण आपल्याकडच्या तारखा त्या ओळीत बसत नाहीत. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' हे वर्तमानपत्र निघाले १८३२ मध्ये. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात इंग्रजी राज्य हिंदुस्थानची संपत्ती कशी उपसून नेत आहे यावर पत्रांची मालिका लिहिली १८४१ मध्ये. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासूनची. विलायती मालामुळे इथले कारागीर कसे बसले, याची तळमळ त्यांत आहे. आणि बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली १८५४ मध्ये आणि ताडदेवला ती चालू झाली आणखी दोन वर्षांनी. म्हणजे टीका आधी आली आणि धुराडे नंतर.

असे कसे झाले? इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे कारखाना येण्याच्या आधी दुसऱ्याच्या कारखान्याचा परिणाम आला. मँचेस्टरचे यंत्र मँचेस्टरलाच होते, पण त्यावरचे स्वस्त कापड कोकणातल्या नि देशावरच्या बाजारात पोचले आणि कोष्टी-साळ्यांचे माग थंड पडू लागले. आपला माग का बंद पडतो आहे, हे कळायला दारात धुराडे असावे लागत नाही. तर्खडकर आणि लोकहितवादी यांना तो परिणाम डोळ्यांसमोर दिसत होता, आणि तो मांडायला छापखाना हाताशी होता.

आता एक गैरसमज. मुंबईतल्या गिरण्या विलायती भांडवलावर उभ्या राहिल्या, असे पुष्कळांना वाटते. यंत्रे विलायतेहून आली हे खरे, पण पैसा बहुतांशी इथल्या व्यापाऱ्यांचा होता, आणि त्या पैशाचा एक मोठा झरा तुमच्या माळव्यातून निघाला होता. माळव्यातल्या संस्थानांत अफूचे पीक निघे. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीची अफूवर मक्तेदारी होती; संस्थानांत ती चालेना. म्हणून कंपनीने वेगळी तोड काढली. १८३० च्या सुमारापासून माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाऊ द्यायची आणि तिच्यावर परवान्याचा कर घ्यायचा. हा व्यापार मुंबईच्या पारशी, गुजराती, मारवाडी पेढ्यांच्या हाती आला. पुढे कापूस नि गिरणी यांत घातलेल्या पुंजीत या कमाईचा वाटा मोठा होता. मला हा दुवा महत्त्वाचा वाटतो. भोपाळच्या परिसरातले शेत आणि मुंबईचे धुराडे यांचे नाते आगगाडी येण्याच्या आधीपासूनचे आहे, आणि ते अभिमानाने मिरवण्यासारखे नाही. चीनमध्ये त्या अफूने काय केले, हे नातीच्या पुस्तकात दुसऱ्या कुठल्या धड्यात असेलच.

यानंतरचा प्रसंग जरा सावकाश पाहू, कारण नातीचे तिन्ही धडे त्यात एकत्र सापडतात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांकडून कापूस पिकवून घेत. उत्तरेने त्यांची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. साऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली आणि मुंबईत कापसाचे भाव काही पटींनी चढले. वऱ्हाड-खानदेशात पैसा आला, मुंबईत नव्या कंपन्यांचे पेव फुटले, शेअरांचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध संपले तसे भाव कोसळले आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले.

शहरातले नुकसान लगेच दिसले. खेड्यातले हळूहळू दिसत गेले. पुणे-नगर भागात सगळेच काही कापूस पिकवत नव्हते. पण तेजीच्या काळात धान्याचे भाव नि मजुरी दोन्ही वाढली, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. मंदी आली तेव्हा भाव उतरले, कर्ज तेवढेच राहिले, आणि त्याच सुमाराला सरकारने जमिनीचा सारा नव्याने आकारून वाढवला. कोर्ट सावकाराच्या कागदाला मानत होते, कुणब्याच्या तोंडच्या शब्दाला नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांनी माणसे फारशी मारली नाहीत. कर्जखते शोधून काढली आणि जाळली. हे लोण नगर जिल्ह्यात पसरले. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. अमेरिकेतली तोफ आणि सुप्यातली होळी यांच्यामधल्या कड्या अशा एकेक करून जोडता येतात.

त्याच युद्धाला आपल्याकडे दुसरी फांदी फुटली, ती १८७३ ची. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक त्या वर्षी छापले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. फुल्यांनी टॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक तरुणपणीच वाचले होते, तेव्हा अमेरिकेमुळे ते सुधारक झाले असे म्हणणे चूक ठरेल. पण शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि अमेरिकेतल्या गुलामांची स्थिती शेजारी ठेवून दाखवण्याची ताकद त्यांना त्या युद्धाच्या बातम्यांनी दिली, आणि त्या बातम्या इथवर आणल्या वाफेच्या बोटींनी, तारायंत्राने आणि छापखान्याने. एकच युद्ध, व्यापाऱ्याला त्यात कापसाचा भाव दिसला, फुल्यांना माणसाचा. नंतर 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी याच कर्जबाजारी कुणब्याची बाजू मांडली, म्हणजे दोन्ही फांद्या पुन्हा एकत्र आल्या.

नात विचारील, मग राष्ट्रवाद, उदारमतवाद, समाजवाद यांचे काय? हे शब्द पुस्तकात वेगवेगळ्या पक्षांसारखे येतात. आपल्याकडे त्यांची सरमिसळ कशी झाली ते एका तारखेवरून सांगतो. १ जानेवारी १८७७. त्या दिवशी दिल्लीला दरबार भरून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली. त्याच दिवशी नागपुरात जमशेदजी टाटांची गिरणी सुरू झाली आणि या घोषणेवरून ती 'एम्प्रेस मिल' म्हणून ओळखली जाऊ लागली. टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले, कारण कापूस अंगणात होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि १८६७ पासून रेल्वे आली होती. आणि दिल्लीच्या त्याच दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातच्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून हजर होते. विलायती कापडाच्या झगमगाटात ते उठून दिसले. इकडे दख्खनमध्ये त्या वेळी मोठा दुष्काळ चालू होता.

टाटा यंत्राने कापड काढायला निघाले होते, काका हातमागाचे कापड अंगावर घेऊन उभे होते. मार्ग उलटे दिसतात, पण दोघांचे दुखणे एकच होते. कापड इथे व्हावे. पुढे सरकारनेच दोघांना जवळ आणले. विलायती सुती मालावरची जकात १८७९ ते १८८२ या काळात टप्प्याटप्प्याने काढून टाकली गेली. महसुलाच्या अडचणीमुळे १८९४ मध्ये ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा लँकेशायरच्या समाधानासाठी इथल्या गिरण्यांच्या मालावरही कर बसला आणि १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर कायम झाला. आपल्याच देशात विकलेल्या आपल्याच कापडावर हा कर होता. तोवर राजनिष्ठ असलेला गिरणीवाला सभांमध्ये टाळ्या वाजवू लागला तो यामुळे.

उदारमतवादाचेही तसेच. न्यायमूर्ती रानडे मनाने उदारमतवादी, पण इंग्रजी पुस्तकातला खुला व्यापार हिंदुस्थानला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्यांनी १८९२ मध्ये पुण्यात दिलेल्या व्याख्यानात ठामपणे मांडले. जर्मन अर्थशास्त्री लिस्ट त्यांनी वाचला होता. जो देश मागून येतो त्याच्या नव्या उद्योगांना सरकारने आधार द्यावा लागतो, हे लिस्टचे म्हणणे त्यांना पटले होते. आपल्या लोकांनी युरोपचे विचार नुसते उतरवून घेतले, असा जो समज आहे तो रानडे वाचले की टिकत नाही. त्यांनी घेतले, तपासले, आणि इथे जे लागू पडत नव्हते ते नाकारले.

आता कामगाराकडे येऊ. हा भाग मला सर्वांत जास्त सांगावासा वाटतो, कारण पाठ्यपुस्तकांत त्याला फार थोडी जागा मिळते. कामगार चळवळ म्हटले की लोकांना मार्क्स आठवतो. मुंबईत ती मार्क्समुळे सुरू झाली नाही. ती सुरू केली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, आणि ते फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक होते. 'दीनबंधू' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढले. १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि हजारो सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. यंत्रात सापडून जखमी झाल्यास भरपाई. आज वाचताना यातले काहीच जास्त वाटत नाही. म्हणजे तेव्हा कामगाराला काय मिळत नव्हते, ते यावरून ओळखावे. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली.

यातली गुंतागुंत नातीला नक्की सांगा. १८८१ आणि १८९१ चे फॅक्टरी कायदे झाले तेव्हा त्यांच्या बाजूने इंग्लंडमधून जोर लावणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीवाले होते. इथली मुले बारा-बारा तास राबतात याचा त्यांना कळवळा आला होता, की इथले कापड स्वस्त पडते याची काळजी होती, हे ठरवायला फार विचार करावा लागत नाही. म्हणून राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी या कायद्यांना विरोध केला. हा देशी उद्योगाचा गळा दाबण्याचा डाव आहे असे त्यांनी लिहिले. लोखंडे मधोमध उभे होते. मँचेस्टरचा हेतू काहीही असो, सात वर्षांचे पोर यंत्रावर उभे राहू नये, एवढे त्यांना दिसत होते. (१८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये खालची वयोमर्यादा नऊ वर्षे झाली.) देशाचे हित आणि गरिबाचे हित दर वेळी एका बाजूला असतेच असे नाही, आणि अशा वेळी कोण कुठे उभा राहिला यावरून त्याची विचारसरणी कळते. माझ्या मते लोखंडे बरोबर होते. १८९७ च्या प्लेगात लोकांची सेवा करता करता त्यांना मरण आले.

मार्क्सचे नाव निघालेच आहे तर त्याचे एक भाकीत पाहू. १८५३ मध्येच, म्हणजे आपली गाडी ठाण्यापर्यंत धावली त्या वर्षी, त्याने लंडनहून न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात लिहिले की रेल्वे हिंदुस्थानात आधुनिक उद्योगाची नांदी ठरेल आणि हे उद्योग जातींची वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडतील. पहिला अर्धा भाग खरा ठरला. दुसरा? तिसऱ्या वर्गाच्या डब्यात सगळ्या जातींची माणसे खांद्याला खांदा लावून बसली हे खरे. पण त्याच फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळत राहिले. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार सूतकताईच्या खात्यात होते, पण विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा इतरांना चालत नसे. हे विसाव्या शतकातही चालूच होते, डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हाच प्रश्न काढला. यंत्र आपोआप समाज बदलते, या समजावर एवढे एकच उदाहरण पुरेसे आहे.

याला जोडून आणखी एक गैरसमज आहे, यंत्रयुग आले की धर्म मागे पडतो असा. आपल्याकडे उलट झाले. आगगाडीने यात्रा वाढवल्या. बार्शीची छोटी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांत पंढरपुरापर्यंत पोचली, ती वारकऱ्यांची गर्दी ओढण्यासाठीच. आणि धर्मावरचे वादविवाद छापखान्यामुळे जितके रंगले तितके आधी कधी रंगले नसतील. हा मुद्दा उत्तम समजावायचा तर मुंबई-पुण्याकडे जायची गरज नाही. त्यासाठी तुमचे भोपाळच पुरेसे आहे. म्हणजे आपण नातीच्या तिसऱ्या प्रश्नावर आलो.

भोपाळ संस्थानावर १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली सात-आठ वर्षे सोडली तर, बेगमांचे राज्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिकंदर बेगम, १८६८ ते १९०१ शाहजहान बेगम. सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये हजला गेल्या त्या मुंबईहून बोटीने. त्या प्रवासाचे त्यांनी वर्णन लिहिले आणि त्याचा इंग्रजी अनुवाद १८७० मध्ये छापला गेला. त्या वेळी भोपाळला रेल्वे नव्हती. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्ये पुरा झाला तो इटारसीवरून जबलपूरकडे, भोपाळला बाजूला ठेवून. शाहजहान बेगमांच्या काळात संस्थानाने स्वतःचा पैसा घालून इटारसीहून नर्मदा ओलांडून, बुधनी-बरखेड्याचा घाट चढून भोपाळपर्यंत फाटा आणवला. तो १८८४ च्या सुमारास झाला, १८८९ मध्ये पुढे झाशीकडे जोडला गेला आणि १८९६ मध्ये उज्जैनची लाइन सुरू झाली. तुमच्या घराजवळचे हबीबगंज स्टेशन, ज्याचे नाव नोव्हेंबर २०२१ पासून राणी कमलापती झाले, ते या पहिल्या इटारसी-भोपाळ लाइनवरच आहे.

या रेल्वेबरोबर मुंबई-नागपूरसारखी गिरण्यांची रांग आली का? नाही. पण छापखाने आले होते, आणि त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. शाहजहान बेगमांचे दुसरे पती सिद्दीक हसन खान हे मोठे धर्मपंडित. इस्लामातल्या नंतर शिरलेल्या रूढी टाकून मूळ वचनांकडे जावे, असे सांगणाऱ्या अहल-ए-हदीस पंथाचे ते अग्रणी होते. त्यांनी अरबी, फारसी, उर्दू मिळून दोनशेहून अधिक ग्रंथ लिहिले, आणि त्यांचे ग्रंथ भोपाळपासून कैरो, इस्तंबूलपर्यंत छापले गेले. जुन्या काळी असा पंडित आपल्या शहरापुरता राहिला असता. छापखाना आणि वाफेची बोट यांनी त्याला जगभरचा वाचक दिला. इंग्रजांना याची धास्ती वाटली. सरकारविरोधी मजकूर पसरवल्याचा ठपका ठेवून १८८५ मध्ये त्यांचे किताब काढून घेतले. मूळ धर्माकडे परत जा असे सांगणारी चळवळ आणि अगदी नवे यंत्र, ही जोडी विचित्र वाटेल. पण दयानंद सरस्वतींची वेदांकडे वळा ही हाकही त्याच दशकांतली आणि त्याच साधनांनी पसरलेली आहे.

बेगमांचे स्वतःचे कामही त्याच काळाचे आहे. शाहजहान बेगमांनी स्त्रियांसाठी 'तहज़ीब-उन-निस्वाँ' हा मोठा मार्गदर्शक ग्रंथ लिहिला, तो १८८९ मध्ये निघाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वोकिंग गावी जी मशीद उभी राहिली तिला त्यांनी मोठी देणगी दिली होती, आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली ती पहिली इमारत. म्हणजे ज्या वर्षी भोपाळ झाशीशी रुळांनी जोडले गेले, त्याच वर्षी भोपाळच्या पैशाने विलायतेत मशीद उभी राहिली. विचार, पैसा नि धर्म फक्त पश्चिमेकडून पूर्वेकडे येत होते, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे उदाहरण.

तेव्हा नातीला सांगा, भोपाळ झोपलेले नव्हते. तिथे रूळ आले, छापखाना आला, धर्मसुधारणा आली, स्त्रीशिक्षणाचा विचार आला. धुराडी तेवढी मागाहून आली. मोठ्या प्रमाणावर ती आली स्वातंत्र्यानंतर. १९५६ हे वर्ष त्यासाठी लक्षात ठेवावे. त्या वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी स्थापन झाली, इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक मदतीने, आणि पुढे ती भेलमध्ये (भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये) विलीन झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि जुन्या राजधानीतून, नागपुरातून, सरकारी कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे भोपाळला आली. हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये कामाला लागलेल्या पहिल्या कामगाराला आठवड्याची सुटी, कामाच्या तासांची मर्यादा आणि अपघाताची भरपाई पहिल्या दिवसापासून कायद्याने मिळत होती. लोखंड्यांच्या १८८४ च्या अर्जातल्या मागण्या त्या. इंग्लंडात यंत्र आधी आले आणि कामगाराचा हक्क पन्नास-साठ वर्षांनी. मुंबईत टीका आधी, यंत्र नंतर, हक्क त्यानंतर. भोपाळात हक्क आधी लिहिला गेला आणि यंत्र नंतर बसले. आधी काय नि नंतर काय, याचे उत्तर गावागणिक बदलते, आणि परीक्षेत असे लिहिले तर कुणीही गुण कापू नयेत.

एक विनंती तुम्हाला. १९५६ च्या सुमारास नागपूरकडून आलेल्या मराठी घरांत मागच्या पिढ्यांतले कुणी ना कुणी एम्प्रेस मिलमध्ये, रेल्वेत किंवा छापखान्यात काम केलेले बरेचदा निघते. तुमच्या घरी किंवा शेजारी असे कुणी असेल, तर त्या माणसाचे नाव, काम आणि वर्ष नातीकडून एका वहीत लिहून घ्या. जुने पगारपत्रक, रेल्वेचा पास, सभेचे निमंत्रण असे काही सापडले तर ते फेकू देऊ नका, आणि आम्हालाही जरूर कळवा.